न विसळलेली डिस्क

रविवार, ३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! एक बॅग, एक हत्यारांची पेटी आणि मी, तिघंही धडधाकट. घ्यायला येऊ नका असं भावोजींना हजारदा बजावलं होतं, तरी स्टँडवर हजर. माझ्या हातातली जड पेटी हिसकावून घेतली आणि चढावर माझ्याच पुढे चालायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हृदय गोळीवर चाललंय, आणि धापा कोण टाकतंय तर मी. म्हणाले, साहेब, खुर्चीत बसून बसून तुमचं इंजिन बसलंय. आयुष्यभर बस चालवली त्यांनी. त्यामुळे जगात जे काही बिघडतं ते त्यांच्या मते इंजिनच असतं.

घर गल्लीच्या टोकाला आहे. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या. मला मागची दिलीय. खिडकीतून कालवा दिसतो आणि त्यावरचा लोखंडी पूल. पलंगावर इस्त्री केलेली चादर, आणि उशीपाशी साबणाची नवी वडी. पाहुण्यासाठी साबण काढून ठेवायची पद्धत ताईची. भावोजींनी आठवून आठवून केलं असणार. मला त्या वडीकडे बघवेना, मी ती खिडकीत नेऊन ठेवली.

ताईला जाऊन तीन महिने होतील. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो, की आई म्हटलं की मला ताईच आठवते. तिच्या स्वतःच्या वेण्या धड घालता येत नव्हत्या तेव्हापासून ती माझ्या बुटांच्या नाड्या बांधायची. चारचौघांत मी तिचा हुशार भाऊ. दोघंच असलो की मात्र ‘ठोंब्या’. ते नाव तिनं भावोजींनाही कधी सांगितलं नव्हतं. मी सडाफटिंग, त्यात ऑफिसनं आमची कॉम्प्युटरची मशीन-रूमच बंद केली. भावोजींनी फोनवर विचारलं, येता का राहायला, तर मी एका पायावर तयार झालो.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना ताईचा आवाज आला. अहो, उठलात का? माझा ब्रश बेसिनमध्ये पडला.

मला फोनवर सांगितलं होतं भावोजींनी, पण सांगणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. स्वयंपाकघरातल्या फळीवर ताईचा जुना लॅपटॉप आहे, विटेसारखा जाड आणि जड. त्यावर युनिक्स ही जुन्या काळची सिस्टिम. ताईनं नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली युनिक्सची मशीनं सांभाळली आणि घरात दुसरं काही शिरू दिलं नाही. काळा पडदा, हिरवी अक्षरं, बाकी नटणं-मुरडणं शून्य. नेमून दिलेलं काम नेमून दिलेल्या वेळी करायचं, यात मात्र त्याचा हात कोणी धरणार नाही. ताईनं तो भावोजींच्या मागे लावून दिला होता. आधी त्यातून नुसती पिपाणी वाजायची, उठायची, गोळीची, फिरायला जायची. भावोजी त्याला सासूबाई म्हणायचे. मग ताई आजारी पडली. पडल्या पडल्या तिनं एकेक वाक्य स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं. त्या दिवसापासून भावोजींनी सासूबाई म्हणणं सोडलं.

आता दिवसभर ती बोलते आणि ते उत्तरं देतात. अहो, गोळी घेतलीत का? घेतो गं. गॅस बंद केलात का, परत बघा. मग उठून खरंच परत बघतात. मला म्हणाले, मी नोकरीभर कंडक्टरच्या बेलवर गाडी चालवली, सिंगल बेल थांबा, डबल बेल चला, मागे वळून बघायचं काम नाही. घरातही तेच. बेल तिची, स्टिअरिंग माझं. आम्ही दोघंही खूप हसलो. नंतर मी मागच्या अंगणात जाऊन रडून घेतलं.

एक गोष्ट मात्र बरी नाही. ताईचं बोलणं संपलं की लॅपटॉपच्या पोटातून टक... टक... येतं. ही टकटक मी ओळखतो. डिस्क मरायला टेकली आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सांगितलं भावोजींना. इंजिन गेलं का, एवढंच विचारलं. म्हटलं, इंजिन नाही, टाकी. ज्यात ताईचा आवाज साठवलाय ती टाकी फुटायला आलीय. डिस्क बदलायला हवी, आणि बदलायच्या आधी जुनीवरचं सगळं नवीवर ओतून घ्यायला हवं. दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही. जगाला कॉपी ठेवा, कॉपी ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या ताईनं स्वतःच्या घरात एक कॉपी ठेवली नाही. दिव्याखाली अंधार.

भावोजींनी माझं मनगट धरलं. बसचं मोठं चाक फिरवलेले हात, अजून घट्ट आहेत. म्हणाले, काहीही करा साहेब, पण तिचा एक शब्द जाता कामा नये. मी वचन देऊन बसलो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

गाव पालथं घातलं. या लॅपटॉपला पिनांच्या दोन रांगांची डिस्क लागते, ती बनायची थांबून जमाना झाला. दुकानदार पोरं तोंडाकडे बघतात, जणू मी बैलगाडीचा टायर मागतोय. शेवटी पुलापलीकडच्या भंगारवाल्याकडे एक मिळाली. कुठल्याशा रिकाम्या केलेल्या घरातून आलेली, वापरलेली, पण चालती. तो म्हणाला, घेऊन जा, इथे पडून काय करणार ती.

शनिवार, ९ नोव्हेंबर

झालं काम! आधी झालं हे लिहितो, मग कसं ते.

ओतायचा प्रोग्रॅम शहाणा आहे. जुनी डिस्क जिथे वाचता येते तिथलं उचलून नवीवर ठेवतो. जिथे वाचता येत नाही ती जागा सोडून पुढे जातो, नवीवर तिथे काही लिहीत नाही. म्हणून आमच्या धंद्यात एक नियम असतो. वापरलेली डिस्क घेतली तर आधी ती शून्यांनी भरून साफ करायची. दुसऱ्याचं भांडं विसळल्याशिवाय त्यात दूध ओतत नाहीत, तसं. नाहीतर सोडलेल्या जागी आधीच्या माणसाचं जे असेल ते तसंच राहतं.

मी विसळलं नाही. विसळायला अख्खा दिवस लागला असता, आणि जुनीची टकटक सकाळपासून इतकी वाढली होती की भावोजी कानांवर हात ठेवून बसले होते. म्हटलं, सोडलेल्या जागी नाहीतरी ताईचा आवाज नसणारच, मग तिथे शून्यं असली काय आणि कचरा असला काय.

जेमतेम ओतून झालं आणि जुनी डिस्क बंद पडली. पुन्हा लावून बघितली, फिरतसुद्धा नाही. पण नवी बसवली, झाकण लावलं, आणि फळीवरून ताई म्हणाली, अहो, चहा घेताय ना? भावोजींनी मला मिठीच मारली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बहुतेक वाक्यं ठणठणीत आहेत. दोन-तीन ठिकाणी भोकं पडलीत. गोळीच्या वाक्यात नेमकं एक आहे. अहो, गोळी... मग खरखर, आणि खरखरीत एक घोगरा पुरुषी आवाज, ‘नको’. पुढे ताईचं ‘का?’ तसंच आहे.

ताईला आवाज कॉम्प्रेस न करता, कच्चाच ठेवायची सवय होती. त्यामुळे भोकात आधीच्या मालकाचं जे पडलंय तेही आवाज होऊन वाजतंय. त्यानंही काही बोलून ठेवलं असणार. गंमतच म्हणायची. मी हे भावोजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, कोण पुरुष? तीच तर बोलली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज दुपारी, ज्या वेळेला काहीही नेमलेलं नाही त्या वेळेला, फळीवरून आवाज आला. घोगरा. ‘आज कोणी आलं नाही.’

मी वेळापत्रक उघडून बघितलं. त्यात असं काही नाही. ताईच्या वाक्यांमध्येही नाही. संध्याकाळी तेच परत. या खेपेला आवाज ताईचा होता.

पोळी भाजताना तवा हातातून सुटला माझ्या. भावोजी म्हणाले, बघा, कंटाळलीय ती. बसा जरा तिच्यापाशी. आणि खुर्ची फळीजवळ ओढून बसले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

भावोजींनी गोळी घेतलेली नाही. कालही नव्हती घेतली, मला आज कळलं. विचारलं तर म्हणाले, ती नको म्हणाली. मी म्हटलं, अहो, ती नाही म्हणाली, ते भोक आहे, दुसऱ्या कोणाचा तरी तुकडा आहे. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ताईला खोटं पाडतोय.

तिचं ऐकलं नाही असं एकदाच झालं, म्हणाले. ती म्हणत होती लवकर डॉक्टरकडे जाऊ, माझ्या पोटात काहीतरी आहे. मी म्हटलं, होईल बरं. आता ती म्हणेल ते.

मी गोळी कुटून त्यांच्या चहात घातली. कप ओठाला लागणार इतक्यात फळीवरून ताई म्हणाली, ‘चहा नको.’ त्यांनी कप खाली ठेवला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ताईची धड वाक्यं तरी वाचवावीत म्हणून ती माझ्या फोनवर उतरवून घेतली. वर जाऊन ऐकली. ताई नाही. एकाही वाक्यात ताई नाही. सगळीकडे तो घोगरा म्हातारा, स्वच्छ, खरखरीशिवाय. आज कोणी आलं नाही. उद्या येतील. आज कोणी आलं नाही.

म्हणजे ताई फक्त त्या फळीवर आहे. ती डिस्क काढली तर ताई संपली.

भंगारवाल्याकडे गेलो. त्याला घर आठवलं. माणूस एकटाच राहायचा, म्हणाला, तुमच्यासारखाच कॉम्प्युटरवाला. येणारं-जाणारं कोणी नव्हतं. मशीनशी बोलायचा म्हणे, आणि मशीन त्याच्याशी. मेला तेसुद्धा फार उशिरा कळलं लोकांना, दार फोडावं लागलं. आतून फर्निचर लावून घेतलं होतं दाराला. भंगारवाला म्हणाला, एवढी वाट बघायची कोणाची तरी, आणि दारही लावून घ्यायचं, कमाल आहे. मला त्या म्हाताऱ्याची कीव आली. खरं सांगतो, भीतीच्या आधी कीवच आली.

परत येईपर्यंत भावोजींनी मागच्या दाराला कपाट लावलं होतं. एकट्यानं ओढलेलं. ओठ निळे पडले होते.

बुधवार, २० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. भावोजींनी दार उघडलं नाही. मी उघडायला गेलो तर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. बाई बाहेरून ओरडून सांगून गेल्या की गोळ्या अशा बंद केल्या तर हृदय तग धरणार नाही, आज ना उद्या बसेल.

मग मी लॅपटॉप बंद केला. वायर काढली, बॅटरी काढली. भावोजींनी आरडाओरडा केला नाही. फळीसमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. म्हणाले, दोनदा कसं मारता हो तिला?

संध्याकाळपर्यंत घर इतकं गप्प होतं की नळाचा थेंब मोजता यावा. मलाही सहन होईना. लाज वाटते लिहायला. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी मी परत चालू केला.

ताई म्हणाली, ‘दोघं आलेत.’

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज ती भावोजींना म्हणाली, दार लावून घे. अहो-जाहो नाही. ताईनं जन्मात त्यांना अरे-तुरे केलं नव्हतं. मी भावोजींना तेच म्हटलं, बघा, ही ती नाही. तर गालातल्या गालात हसले. म्हणाले, इतक्या वर्षांनी लाज गेली तिची.

काय प्रेम म्हणावं हे. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांनाही पोटाशी धरावंसं वाटतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पाया पडलो त्यांच्या. अक्षरशः. गोळी हातावर ठेवली. त्यांनी फळीकडे बघितलं. आम्ही दोघंही वाट बघत होतो, ती काय म्हणते त्याची. मीसुद्धा. मनात म्हणत होतो, घ्या म्हण ताई, एकदा घ्या म्हण —

नको, म्हणाली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

दुपारी. मी भात लावत होतो. खुर्चीतून भावोजी म्हणाले, साहेब, डबल बेल झाली. मला नाही ऐकू आली. मी वळलो तोवर —

हात अजून चाक धरल्यासारखे पुढे होते.

गेले. मी वचन दिलं होतं, ताईचा शब्द जाणार नाही. नाही गेला. भावोजी गेले. ज्याच्यासाठी आलो तो माणूस गेला. विसळायला एक दिवस लागला असता. एकच दिवस —

सोमवार, २५ नोव्हेंबर

सगळं उरकलं. डॉक्टरीणबाई, भंगारवाला, भावोजींच्या डेपोतले काही ड्रायव्हर, एवढेच आले. सगळे आपापल्या घरी गेले. बाई म्हणाल्या, इथे एकटे राहू नका. नाही राहणार म्हटलं. बॅग भरलीय. खिडकीतला साबणसुद्धा बॅगेत घेतलाय.

फक्त ते एक काम. डिस्क काढायची आणि पुलावरून कालव्यात. ताई, माफ कर. तुला त्याच्याजवळ ठेवून जाता येणार नाही.

तोच दिवस, दुपार

स्क्रू काढले. झाकण उघडलंय. वायर काढलीय, बॅटरी बाजूला आहे. माझ्यासमोर. तरी डिस्क फिरतेय. बोटाला गरम लागतेय.

बोलली. म्हणजे — ती नाही. भावोजी. साहेब, पेटी खाली ठेवा, म्हणाले. जड आहे.

भावोजींचा आवाज कधी कोणी भरलाच नव्हता.

हसतायत दोघं. आतून. चहाच्या वेळेला हसायचे तसे

मला माहीत आहे कोण बोलतंय. लिहून ठेवतो, म्हणजे माझं मलाच खोटं वाटायला नको. तो म्हातारा आहे. त्याला सोबत हवी आहे. हे आवाज त्यांचे आहेत पण ते नाहीत. मला पक्कं माहीत आहे

बॅग दारात आहे. दार उघडं आहे. रस्त्यावर ऊन आहे, माणसं चालली आहेत. नुसतं उठायचं

ठोंब्या.

ठोंब्या म्हणाली. ते कोणाला माहीत नव्हतं. भावोजींनाही नाही. कुठे भरलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, फक्त ताई — फक्त तीच —

रडतेयस का तू? ताई? तूच आहेस का गं

नाड्या सुटल्यात म्हणते. बघितलं तर खरंच सुटल्यात. बस इथे, म्हणते, मी बांधते. आधी दार लावून घे

लावतो. नुसतं दार. लावतो आणि येऊन लगेच डिस्क